रुईच्या गोदामातला खडूचा कारखाना

सरोजिनीबाईंना साधी गोष्ट साधेपणानं पार पडलेली बघायची फार हौस होती, आणि पदरात पडला होता कमलाकांत टाकळीकर नावाचा नवरा. हा माणूस भाजी आणायला गेला तरी आधी मेथी कुठल्या मळ्यातली, तिला पाणी विहिरीचं की नाल्याचं, याची चौकशी करून मग रिकाम्या पिशवीनं परत यायचा. अंबापेठेतल्या बायका म्हणायच्या, ‘तुमचे मास्तर म्हणजे अगदी देवमाणूस.’ सरोजिनीबाई मान डोलवायच्या. देवाला नैवेद्य दाखवून बाजूला होता येतं, इथं संसार करायचा होता, हे त्या मनातल्या मनात म्हणायच्या.

मास्तर म्हणजे खरोखरीचे मास्तर. अमरावतीच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवायचे. एकदा वर्गात फळ्यावर लिहिताना खडूतला खडा करकरला, मुलं कानांवर हात ठेवून हसली, आणि ह्यांच्या डोक्यात शिरलं की असला खडू वापरण्यापेक्षा आपणच चांगला बनवावा. दुसरा कोणी असता तर दुकानदार बदलला असता. ह्यांनी नोकरीच सोडली. बावन्न सालच्या उन्हाळ्यात घरी येऊन म्हणाले, ‘‘राजीनामा दिला बरं का,’’ आणि तांब्या घेऊन पाय धुवायला गेले. सरोजिनीबाई अकोल्याच्या वकिलाची मुलगी, मॅट्रिक झालेल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘‘खडू विकायला कोण जाणार?’’ मास्तरांनी तोवर हा विचारच केला नव्हता.

तेव्हा विकायला त्याच जाऊ लागल्या. छत्री आणि कापडी पिशवी घेऊन हेडमास्तरांच्या खोल्यांमधून. ‘कुंदकळी खडू’ हे नावही त्यांनीच ठेवलं. घराच्या मागच्या दोन खोल्यांत कारखाना निघाला. भाजलेल्या जिप्समची पूड पाण्यात कालवायची, पितळी साच्यांत ओतायची, घट्ट झाली की कांड्या अलगद काढून फळ्यांवर वाळत घालायच्या. जोडीला शाळकरी शाईच्या निळ्या पुड्या. गल्लीतली रुख्मिणी आणि तिच्यासोबतच्या दोघी-तिघी कामाला येत. मास्तर साचे घासत, पुडीवर प्रयोग करत, आणि बाकी सगळं, म्हणजे माल, माणसं, मागणी आणि तक्रारी, सरोजिनीबाईंच्या गळ्यात. धंदा हळूहळू बरा चालला. फक्त घरातल्या वरणापासून देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णापर्यंत सगळ्यांवर पांढरी पूड बसलेली असायची.

अठ्ठावन्न साली घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मागच्या खोल्या खाली करा म्हणून निरोप आला. माणूस भला होता. ‘उन्हाळ्यापर्यंत थांबतो’ म्हणाला. सरोजिनीबाईंना उलट बरंच वाटलं. आता एखादी नीटनेटकी जागा घ्यायची, कोरडी, दारं-खिडक्यांची, आणि घरातली पूड घराबाहेर काढायची, एवढं साधं काम. पण साधं काम आणि मास्तर ह्यांची रास कधी जुळलीच नव्हती.

सरोजिनीबाईंचा धाकटा भाऊ रविकांत अकोल्याला वकिली करायचा. त्यानं कळवलं की स्टेशनच्या बाजूला नवे गाळे झालेत, वर सिमेंटचा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. सामान आणायचं आणि काम सुरू. सरोजिनीबाई नवऱ्याला घेऊन बडनेऱ्याहून गाडीत बसल्या. मूर्तिजापूर गेलं तशी त्यांच्या मनात गाळ्याची मांडणीसुद्धा ठरली. कोणत्या भिंतीला साचे, कोणत्या कोपऱ्यात शाई. माहेरच्या गावात कारखाना, ही गोष्ट त्यांना मनातून सुखावत होती, पण तसं त्या बोलल्या नाहीत.

भर दुपारी रविकांतनं गाळा उघडला. मास्तर आत गेले, स्टूल मागितलं, त्यावर चढून छताला तळहात लावून उभे राहिले. बराच वेळ.

‘‘भाऊजी, काय बघताय?’’ रविकांत म्हणाला.

‘‘भट्टी,’’ मास्तर म्हणाले. ‘‘हा ऑक्टोबर आहे. मे महिन्यात इथं खडू वाळणार नाही, भाजून निघेल. आणि आत बसणाऱ्या बायकांचं काय?’’

‘‘पंखा लावा.’’

‘‘पंख्यानं पूड उडेल.’’

रविकांतनं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं स्टुलाकडे पाहिलं. परतीच्या गाडीत सरोजिनीबाई खिडकीबाहेर तोंड करून बसल्या. शेजारी मास्तर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याशी सरपणाच्या भावावरून गप्पा मारत होते.

मग भगवंतराव भेटले. भगवंतराव चांदूर बाजारकडचे कास्तकार. काळीची भरपूर जमीन, आणि वडिलांच्या वेळची अमरावतीत बडनेरा रस्त्याला एक बंद पडलेली कापसाची जिनिंग. लढाईच्या काळात तिला आग लागली, यंत्रं भंगारात गेली, उरलं ते रुईचं गोदाम. त्यांचा पुतण्या मास्तरांचा विद्यार्थी, त्या ओळखीनं बोलणं निघालं. एका सकाळी नवरा-बायको त्यांच्याबरोबर जागा पाहायला गेले. काळ्या दगडाचं कमरेएवढं जोतं, हातभर जाडीच्या विटांच्या भिंती, आणि वर अर्धं छप्पर. उरलेल्या अर्ध्यात आकाश. आत बाभळी उगवलेल्या. कोनाड्यात पिंगळ्यांचं जोडपं बसलेलं, त्यानं मान वळवून ह्या मंडळींकडे नापसंतीनं पाहिलं.

‘‘वैनी, घाबरू नोका,’’ भगवंतराव म्हणाले. ‘‘भिंती लय दणकट हाय. वरचं तेवढं पाहा लागते. मी भाडं नावालेच घेतो. तुमी दुरुस्त करा अन् पंधरा-वीस वर्सं वापरा. कायले उगाच पाडून राह्यलो मी तरी?’’

सरोजिनीबाई ‘विचार करून सांगतो’ म्हणायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात मास्तर एका काळ्याठिक्कर पडलेल्या सागवानी तुळईला नखानं खरवडताना दिसले. त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातसुद्धा नव्हता एवढा आनंद होता.

‘‘वरून जळलंय फक्त. आत लाकूड कसं आहे बघ. आणि जळक्या लाकडाला वाळवी लागत नाही.’’

संपलं. सरोजिनीबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं.

गोदाम घेतलं, पण त्याहून त्रासाचं पुढेच होतं. मास्तरांनी जाहीर केलं की नवीन काही आणायचं नाही. जे पडलंय, जे जवळ मिळतंय, त्यातूनच उभं करायचं. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळायचं, ते मिळवायला खेटे घालावे लागायचे, म्हणून लोक म्हणाले मास्तर शहाणे. पण सरोजिनीबाईंना माहीत होतं, उद्या कोणी सिमेंटच्या गोण्या फुकट दारात टाकल्या असत्या तरी मास्तर त्या परत करून आले असते. ‘‘ही भिंत चुन्यात बांधली आहे. तिला सिमेंट लावलं तर ती आतल्या आत घुसमटेल,’’ असं ते म्हणत. भिंतीचा जीव घुसमटेल याची ज्याला एवढी काळजी, त्याला घरातल्या माणसाच्या जिवाचं काही दिसू नये, याचं त्यांना नवल वाटे.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. गवंडी मिळाला शालिकराम. तो हुशार होता, पण सिमेंटवर लट्टू झालेला. एका सरकारी पुलावर काम करून आला होता आणि त्याला आता चुना म्हणजे म्हाताऱ्यांचं काम वाटायचं.

‘‘मास्तर, सिमेंट लावतो तं आठ रोजात मोकळा होतो मी,’’ तो म्हणायचा. ‘‘ह्या चुन्याले भिजवा, सडवा, बैलाच्या घाण्यावर मळा. मंग थो कवा सुकन, देवाले माहीत.’’

‘‘सुकू दे. घाई काय आहे?’’

‘‘तुमाले नसन. मले हाय न.’’

आणि मग दोघंही सरोजिनीबाईंकडे पाहायचे. शालिकरामाला वाटायचं बाई आपल्या बाजूच्या आहेत. त्या होत्याही. पण परक्यासमोर नवऱ्याला तोडून बोलायचं नाही ही आईची शिकवण आडवी यायची, म्हणून त्या म्हणायच्या, ‘‘करा बाबा, ते म्हणतात तसं करा,’’ आणि घरी येऊन तवा जरा जोरात आपटायच्या.

पडक्या भागातल्या विटा एकेक करून वेचल्या गेल्या. साबूत विटा एकीकडे, अर्ध्या दुसरीकडे, फुटक्या कुटून सुरखी करायला तिसरीकडे. जुने खिळे गोळा झाले आणि मास्तर स्वतः दगडावर बसून ते हातोडीनं सरळ करू लागले. एक खिळा सरळ करायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात बाजारातून पिशवीभर आणता आले असते. चुन्यात घालायला गूळ लागतो म्हणून एक दिवस स्वयंपाकघरातली ढेप गायब झाली. संक्रांतीच्या ऐन तोंडावर. सरोजिनीबाईंनी डबा उघडला, आणि पुन्हा झाकण लावून तिथंच खाली बसल्या. त्या वर्षी तिळगुळाऐवजी हलव्यावर भागवलं. शेजारणीनं विचारलं तर काय सांगणार, आमचा गूळ भिंतीनं खाल्ला?

पिंगळ्यांचा कोनाडा बुजवायची वेळ आली तेव्हा त्यात पिलं निघाली. मास्तरांनी त्या भिंतीचं काम थांबवलं. शालिकराम दोन दिवस बिडी ओढत बसला आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या कामावर निघून गेला. त्याला परत आणायला सरोजिनीबाई त्याच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोनं चहा दिला आणि सहानुभूतीनं म्हणाली, ‘‘बाई, तुमचे मालक असेच हायेत काय पह्यलेपासून?’’

‘‘पहिल्यापासून,’’ सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांना त्या दिवशी तेवढंच जरा मोकळं वाटलं.

तुळयांवरून खरवडलेली काजळीसुद्धा मास्तरांनी फेकू दिली नाही. तिची काळी शाई करायचं ठरलं. केली. बाटल्यांत भरून एका शाळेत नमुना दिला. त्या शाळेतल्या साऱ्या टाकांची तोंडं बुजली आणि हेडमास्तरांनी सरोजिनीबाईंना बोलावून, खुर्ची न देता, ती बाटली परत दिली. सहा वर्षांत त्यांना खुर्ची मिळाली नाही असं पहिल्यांदाच घडलं. घरी येऊन त्यांनी बाटली मास्तरांच्या पुढ्यात ठेवली. मास्तर म्हणाले, ‘‘डिंक कमी पडला.’’

फाल्गुन संपत आला. खडूचा खरा हंगाम जूनमध्ये. शाळा उघडायच्या आधी माल तयार हवा, तो आत्तापासून ओतायला हवा. घरमालकाकडे पत्रिका छापून आल्या होत्या. गोदामाच्या भिंती झाल्या होत्या, अर्धं छप्पर जुनी कवेलं, म्हणजे मातीची कौलं, उतरवून, निवडून, पुन्हा घातलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर वासे होते, वर काही नव्हतं. कवेलं कमी पडत होती आणि नवी आणायची नव्हती.

तेवढ्यात रविकांतकडून कळलं की अकोल्यात एक जुनी चाळ पाडताहेत, तिची कवेलं वाटेल त्या भावात मिळतील. मास्तर त्याच दिवशी निघाले. ‘‘दोन दिवसांत आलो,’’ म्हणाले.

दोन दिवस गेले, आठवडा गेला. रविकांतचा निरोप आला की भाऊजी ठीक आहेत. मजूर कवेलं फेकून फोडत होते म्हणून ते स्वतःच छपरावर चढून एकेक उतरवताहेत, आणि दुपारी जेवायला यायलाही तयार नाहीत. सरोजिनीबाईंनी निरोप ऐकला. रुख्मिणी समोर उभी होती, डोक्यावर साच्यांचं टोपलं. घरमालकाकडचे मांडववाले मागच्या अंगणात बांबू टाकून गेले होते.

‘‘वैनी, हे ठेवू कुठी आता?’’ रुख्मिणी म्हणाली.

सरोजिनीबाईंनी पदर खोचला. शालिकरामाला बोलावलं आणि म्हणाल्या, ‘‘उरलेल्या भागावर पत्र्याच्या टिना टाकून दे. नव्या. बाजारातून आण.’’

शालिकरामानं बिडी विझवली. ‘‘मास्तर काय म्हणतीन?’’

‘‘मास्तर छपरावर आहेत. खाली उतरतील तेव्हा बघू.’’

टिना आल्या, सोमवारी चढवल्या, मंगळवारी कारखाना गोदामात आला. सगळं सुतासारखं सरळ. हमाल वेळेवर आले, एकही साचा पडला नाही, बायका आपापल्या जागी बसल्या. संध्याकाळी सरोजिनीबाई दारात उभ्या राहून आपल्या कारखान्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या मनात आलं, बघा, हे असं असतं. असं होऊ शकतं.

चैत्राचं ऊन चढलं तसं टिनांखालच्या फळ्यांवरचे खडू वाकडे व्हायला लागले. काही धनुष्यासारखे वाकले, काहींना मधोमध भेगा, आणि काही नुसते हातात घेतले की भुगा. सरोजिनीबाईंना आधी पुडीचा संशय आला, मग पाण्याचा, मग रुख्मिणीच्या हाताचा. रुख्मिणी दुखावली. ‘‘वैनी, हात माहा थोच हाय,’’ ती म्हणाली. ‘‘वर पाहा जरासं. टिन कसं तापून राह्यलं. दुपारी आमाले घेरी येते, तं खडूले नाई येनार?’’

त्यांनी वर पाहिलं. मग बाजूच्या, कवेलूंच्या भागात जाऊन उभ्या राहिल्या. तिथं दुपारच्या दोन वाजताही आवळीखाली बसल्यासारखं वाटत होतं. त्यांना राग आला. कोणाचा, ते मात्र नीट ठरवता येईना.

आणि नेमके तेव्हाच मास्तर आले. बडनेऱ्यापासून बैलगाड्यांची रांग, गाड्यांत कवेलं कडब्यात गुंडाळलेली, आणि पहिल्या गाडीवर बैल हाकणाऱ्या धुरकऱ्याशेजारी मास्तर, उन्हानं काळे झालेले, दाढी वाढलेली. ते उतरले. त्यांनी टिनांकडे पाहिलं. आत जाऊन वाकड्या खडूंची फळी पाहिली. एक खडू उचलला, बोटांत फिरवला, परत ठेवला. मग विहिरीवर जाऊन काठावर बसले.

सरोजिनीबाई वाट बघत राहिल्या. त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती. घरमालक, हंगाम, आठवडे, मांडव. पण तो माणूस काही विचारेचना. शेवटी त्याच विहिरीवर गेल्या.

‘‘बोला ना काहीतरी.’’

‘‘काय बोलू?’’

‘‘म्हणा की मी तुम्हाला विचारलं नाही. म्हणा की माल बिघडवला.’’

‘‘माल बिघडलाय हे तुला दिसतंय. मी कशाला सांगू?’’

‘‘त्यापेक्षा ओरडला असतात तर बरं झालं असतं,’’ सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांचा बांध फुटला. आवाज चढला नाही, पण सहा वर्षांचं सगळं बाहेर आलं. ‘‘तुम्ही विटेला विचारता, खिळ्याला विचारता, पिंगळ्याच्या पिलांना विचारता. मला कधी विचारलंत? नोकरी सोडताना विचारलं नाही. ही जागा घेताना विचारलं नाही. माझ्या घरातला गूळ नेलात, तोसुद्धा न विचारता. हेडमास्तरांसमोर मी उभी राहिले, तुम्ही म्हणालात डिंक कमी पडला. मी टिना आणल्या, चुकलं माझं, भोगतेय. पण मी त्या आणल्या नसत्या तर आज साचे रस्त्यावर असते. तुम्ही तेव्हा अकोल्यात कवेलूंना सांभाळत होतात.’’

मास्तर खाली बघत होते. हातांच्या चामडीला जागोजाग चिरा पडल्या होत्या.

‘‘गुळाचं विचारायला हवं होतं,’’ ते म्हणाले.

‘‘फक्त गुळाचं?’’

‘‘बाकीचंही.’’ मग म्हणाले, ‘‘मला भीती वाटायची. तुला विचारलं तर तू नाही म्हणशील. आणि तू नाही म्हणालीस तर मला ते पटेल.’’

एवढं खरं सरोजिनीबाईंनी नवऱ्याच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकूनही राग पुरता जाईना. त्या म्हणाल्या, ‘‘टिना काढायच्या नाहीत. पैसे घातलेत त्यात.’’

‘‘नको काढूस. पऱ्हाटी टाकू वरती.’’

पऱ्हाट्यांना वऱ्हाडात काय तोटा. कापूस वेचून झाला की शेतं पऱ्हाट्यांनीच भरलेली. भगवंतरावांनी चांदूर बाजारहून गाड्या पाठवल्या. टिनांवर पऱ्हाट्यांचा जाड थर, त्यावर माती, कडुनिंबाचा पाला कालवलेली. शालिकराम माती थापताना पुटपुटत होता, ‘‘नव्या टिनावर सरपन ठेवून राह्यलो बाप्पा, लोक हासतीन मले.’’ पण ताप निम्म्यानं कमी झाला. अकोल्याहून आलेली कवेलं तुटक्या जागी गेली, उरली ती मागे रचून ठेवली. मास्तरांच्या सगळ्या कष्टांतून एवढंच निघालं, की बरीच कवेलं उरली. सरोजिनीबाईंनी त्यावर बोलायचं टाळलं. ते त्यांना फार जड गेलं.

त्या वर्षी काही शाळांना माल उशिरा पोचला, दोन हेडमास्तर कायमचे तुटले. पावसाळ्यात दुसरं दुखणं उपटलं. कवेलूंचा भाग गळायला लागला. जुनी कवेलं, कुठं टवका, कुठं केसाएवढी चीर. एका आषाढी सकाळी सरोजिनीबाई गोदामात आल्या तर शाईच्या पुड्यांची पेटी भिजलेली, जमिनीवर निळा ओहळ, आणि त्या ओहळात धोतर वर खोचून मास्तर उभे. गुडघ्यापर्यंत निळे. वर बघून कवेलं मोजत होते.

‘‘कुठून येतंय कळत नाही,’’ ते म्हणाले.

सरोजिनीबाईंनी दाराशीच छत्री मिटली. टिनांच्या भागाकडे नुसतं पाहिलं. तो कोरडा ठाक होता. मास्तरांनीही तिकडे पाहिलं. ‘‘टिन बरं असतं पावसाला,’’ ते म्हणाले. त्यांच्याकडून ही कबुली मिळाली म्हणून सरोजिनीबाई जेवतानासुद्धा खुशीत होत्या. मात्र मास्तरांचे पाय पुढे महिनाभर निळेच राहिले आणि सारी अंबापेठ चौकशी करत राहिली.

मग अशी रीत पडली की उन्हाळ्यात सगळ्या मांडण्या कवेलूंच्या भागात आणि मृग लागला की उचलून टिनांखाली. दसरा झाला की पुन्हा इकडे. दरवर्षी दोनदा कारखाना गोदामातल्या गोदामात स्थलांतर करायचा. बायका कुरकुरत, फळ्या निसटत, साचे हरवत आणि सापडत. इतका खटाटोप करून शेवटी हाती काय आलं, तर अर्ध्या वर्षाला एक, अशी दोन अर्धी छपरं. रविकांत एकदा भर मेमध्ये आला. गोदामात चटई टाकून दुपारभर घोरला, उठून चहा प्याला आणि म्हणाला, ‘‘ताई, त्या गाळ्याचं भाडं आता दुप्पट झालंय.’’ गोदाम गार आहे, हे काही तो म्हणाला नाही. सरोजिनीबाईंना नवऱ्याचा येतो त्याहून जास्त राग तेव्हा भावाचा आला.

वर्षं गेली. साठनंतर शाळा वाढल्या. तिवशापासून मोर्शीपर्यंत कुंदकळी खडू जाऊ लागला. रुख्मिणी आता नव्या बायकांना शिकवायची. बॉलपेनं आली आणि शाईच्या पुड्यांना कोणी विचारेना, तो कोपरा रिकामा झाला. मास्तरांचे केस पांढरे झाले, पण ते पुडीनं की वयानं, हे सांगता यायचं नाही. एक मात्र बदललं होतं. ते आता विचारायचे. इतकं विचारायचे की सरोजिनीबाईंना वीट यायचा. ‘‘सरोज, ह्या खिडकीला हिरवा रंग देऊ की राहू दे?’’ ‘‘सरोज, उंबऱ्याचा दगड फिरवून बसवू?’’ सकाळी दात घासताना, रात्री पान खाताना. त्यांनी एकदा सांगूनही टाकलं, ‘‘अहो, लहानसहान ठरवा तुम्हीच.’’ मास्तर म्हणाले, ‘‘लहान कोणतं आणि मोठं कोणतं, ते आधी ठरवून दे.’’

सदुसष्टच्या हिवाळ्यात भगवंतराव येऊन बसले. आता काठी टेकत होते. चहा झाला. मग घसा साफ करत म्हणाले, ‘‘मास्तर, बाजूचं थे इंजनघर हाय न, थे मी पाडून टाकनार व्हतो. पन म्हटलं तुमाले एक डाव इचाराव. भिंती लय दणकट हाय.’’

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. चेहरा अगदी कोरा ठेवला होता, पण उजव्या हाताचं नख अंगठ्यावर खरवडत होतं.

‘‘छप्पर आहे का त्याला?’’ सरोजिनीबाईंनी विचारलं.

‘‘अर्धं,’’ भगवंतराव म्हणाले.

सरोजिनीबाईंनी कपबशा उचलून आत नेल्या, विसळल्या, पालथ्या घातल्या. बाहेर दोघंही बसले होते, निकालाची वाट बघणाऱ्या पक्षकारांसारखे. त्यांनी खुंटीवरची छत्री काढली, चपला घातल्या.

‘‘चला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बघून येऊ. पण आधी मी बोलेन, आणि तिथं कशालाही नख लावायचं नाही.’’